दगडाबाईला थंडी वाजते

२ मार्च २०१७

काम माझ्याकडेच आलं. परीक्षा विभागाच्या सांडू सरांनी दुपारी फोन करून पक्कं सांगितलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरसाठी रुग्णप्रसंगांवरचे प्रश्न यंदाही मीच लिहायचे आणि एप्रिलअखेर द्यायचे. पेपर जूनच्या मध्यावर.

फोन उचलून मी "हॅलो" म्हटलं, तर सर म्हणाले, "नमस्कार भाऊ, मॅडमना देता का जरा?"

"मीच बोलतेय, सर."

मग म्हणाले, "सर्दी झालेली दिसतेय."

"खडूची धूळ," मी सांगितलं. सगळी नोकरी फळ्यापाशी गेली, घसा कधीतरी बसणारच.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "पुढच्या वर्षी एखादी नवीन बाई जोडीला देऊ. तुम्हालाही आराम." बोलणं आदराचंच होतं, पण मला कळायचं ते कळलं. जानेवारीच्या बैठकीत बोलता बोलता मला 'सलाईन' हा शब्द आठवेना. रोज तोंडात असणारा शब्द. सगळे थांबले. मग कुणीतरी तो पुढं केला, पाहुण्याला पाण्याचा तांब्या पुढं करावा तसा. तेव्हापासून मी सावकाशच बोलते. वर्गात मुली माझं वाक्य लिहून घेतात आणि पुन्हा वर बघत बसतात. पुढचं वाक्य यायचं असतं.

ठरवलं आहे. हा पेपर शेवटचा. नीट लिहायचा, वेळेत द्यायचा आणि जूनमध्ये निवृत्तीचा अर्ज द्यायचा. शिकवणाऱ्या बाईला शब्द सापडेनासे झाले की तिनं थांबावं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन इतका काळ झाला, तरी हे अजून सकाळी उठून डब्याची पिशवी शोधतात. त्यांना काय सांगणार?

५ मार्च

आज तीन रुग्ण झाले.

इतर लोक लिहितात, 'श्री. अ. ब. क., वय ५५, छातीत दुखते.' मला ते कधीच जमलं नाही. अ. ब. क.ची सेवा करायला शिकलेली मुलगी पुढं वॉर्डात पेशंटला खाटेच्या नंबरनं हाक मारते. माझ्या रुग्णाला नाव असतं, गाव असतं, घरी कोण वाट बघतंय तेही असतं. एकदा एका परीक्षकानं विचारलं होतं की म्हशीचा उल्लेख कशासाठी. मी उत्तर दिलं, म्हशीची धार काढायला घरी दुसरं कुणी नाही, म्हणून ही बाई दवाखान्यात राहायला तयार नाही. मग तिला कशी समजावणार, हाच प्रश्न आहे.

यंदाचे तिघं असे. फकिरा, विड्या ओढून छाती भरलेला, दम लागतो. त्याला ऑक्सिजन द्यायचा पण बेतानं. आवडाबाई, साखरेचा आजार, अनवाणी चालते, तळव्याला जखम झालेली तिला कळलीच नाही. मुंजाबा शेळ्यावाला, ताप येतो नि जातो, कच्चं दूध पितो.

चौथी दगडाबाई. ती माझी खूण आहे म्हणा. दर पेपरात मी एक निरोगी माणूस घालते, ज्याला काही झालेलं नाही. बरोबर उत्तर एवढंच की दिलासा द्या आणि घरी पाठवा. मुली परीक्षेच्या भरात प्रत्येकात रोग शोधतात. माणूस धडधाकट असू शकतो हे ओळखणं सगळ्यांत अवघड. आमच्याकडं आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्या मुलीचं नाव दगडा ठेवायचे, दगडासारखी टिकावी म्हणून. म्हणून हे नाव. तिची नाडी, वजन, तापमान मी पुस्तकातून घेत नाही, स्वतःचंच मोजून लिहिते. पहिल्यापासून तसंच करते. नॉर्मल म्हणजे काय, तर मी. सोपं आहे आणि चुकायची भीती नाही.

तिचं मोजमाप सवडीनं करीन.

९ मार्च

दुपारी ओसरीत खुर्चीवर बसून प्रश्न तपासत होते. डोळा लागला असावा. हल्ली लागतो, मधाच्या बाटलीत चमचा उतरावा तसा हळूहळू.

फाटकाशी मुंजाबानं शेळ्या बांधल्या होत्या. आवडाबाई पायरीवर बसून पाय निरखत होती. फकिरा कठड्याला टेकून धापा टाकत होता.

"बाई," तो म्हणाला, "माझा ऑक्सिजन एवढा कमी का लिव्हला? सोडा की वरपर्यंत."

"तुला जास्त चालत नाही, फकिरा."

"पण तुम्हीच चारात एक जास्तीचा लिव्हलाय. मी वाचून घेतलं पोरीकडून."

"तो चुकीचा पर्याय आहे."

"चुकीचा हाय तर लिव्हला कशाला?"

मी कागद मांडीवर उलटा ठेवला. त्याला राग मात्र आला नाही. आवडाबाई म्हणाली, "बाईला शिणवू नको रं. लई काम हाय तिला." दगडाबाई जरा पलीकडं उन्हात पाठ करून बसली होती. तिला काही झालेलंच नाही, ती काय विचारणार.

जागी झाले तेव्हा उन्हं कठड्यावरून खाली उतरली होती आणि मांडीवर शाल होती. शाल मीच घेतली होती की ह्यांनी टाकली, आठवत नाही. फार छान वाटत होतं. इतकी शांत झोप तरुणपणी कधी लागली नव्हती.

१५ मार्च

बांगड्या निघेनात. साबण लावून पाहिला. ऊन वाढलं की हात सुजतात. अंगठीही रुतते, राहू दे म्हटलं. फणीत केसांचा गुंता येतो. बोअरच्या पाण्यानं पुंडलिकनगरातल्या सगळ्याच बायकांचे केस जातात.

ह्यांचं एक नवीनच. पंखा लावत नाहीत. मी खोलीत आले की उठून बटन बंद करतात. विचारलं तर म्हणाले, "मलाबी गारच वाटतंय यंदा." गंजीफ्रॉक काढून, गळ्यात पंचा टाकून पेपर वाचत बसतात. वयानुसार त्यांचंही रक्त थंडावलं असावं. पाणी मात्र फार पितात. साखर तपासून घ्या असं मी दोनदा सांगितलं. हसले.

"मॅडम, तुम्ही मला प्रश्नात घालू नका. मी सुटनार नाय."

२८ मार्च

पाडवा. नणंदबाई पिशोरहून आल्यात. गुढी बघता बघता म्हणाल्या, "वयनी, तब्येत चांगली भरली हो. तोंडावर तेज आलंय." कितीतरी वर्षांत कुणी असं म्हणालं नव्हतं. आरशात पाहिलं. चेहरा खरंच भरलाय, सुरकुत्यासुद्धा गेल्यात.

नणंदबाईंनी ह्यांना बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. हे मान हलवत होते. शेताच्या वाटणीचं असेल.

४ एप्रिल

आज दगडाबाई लिहिली. मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. नाडी बावन्न. दोनदा घेतली, बावन्नच. शांत नाडी, जन्मभर पायी चाललेल्या बाईची. तापमान नेहमीपेक्षा थोडं कमी. बरंच आहे, ताप नाही. वजन गेल्या वर्षीपेक्षा सात किलोनं जास्त. तब्येत सुधारली की ते होणारच.

लिहिलं ते असं:

दगडाबाई, वय ५७, राहणार पिशोर. मुलाच्या आग्रहाने तपासणीसाठी आली आहे. स्वतःची काही तक्रार नाही. नाडी ५२, लय नियमित. तापमान ९६.४. वर्षात वजन वाढले आहे. चेहरा भरलेला, त्वचा कोरडी, आवाज जड. दुपारी झोप येते. उन्हाळ्यातही शाल पांघरते. प्रश्नांची उत्तरे सावकाश पण बरोबर देते. परिचारिका म्हणून तुम्ही प्रथम काय कराल?

चार पर्याय. अ, ऑक्सिजन लावाल. ब, डॉक्टरांना कळवून रक्ततपासणीची तयारी कराल. क, आहार निम्म्यावर आणण्यास सांगाल. ड, दिलासा देऊन घरी पाठवाल.

उत्तर ड.

हा मी लिहिलेला सगळ्यांत खरा प्रश्न आहे असं वाटलं. एकही गोष्ट मनाची नाही. दगडाबाईचं मला बरं वाटतं. म्हातारपण असं यावं, न सांगता, मऊ पावलांनी, अंगावर शाल टाकून.

११ एप्रिल

नणंदबाईंना जालन्याला लेकीकडं जायचं होतं. त्यांना मुकुंदवाडी स्टेशनवरून गाडीत बसवून दिलं. हे रिक्षा बघायला बाहेर गेले आणि मी बाकावर टेकले. बाक उन्हात होता. कितीतरी दिवसांनी हाडांपर्यंत ऊब पोचली. स्टेशनवरचे सगळे लोक झाडाच्या सावलीत कोंडाळं करून उभे होते. मला हसू येत होतं, एवढी चांगली जागा मोकळी.

रुळांपलीकडं माझी माणसं दिसली. मुंजाबा शेळ्यांना हाकलत होता, आवडाबाईच्या पायात आता चपला होत्या. फकिरानं हात वर केला. त्यांच्या मागं दगडाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि कुडकुडत होती. एवढ्या उन्हात. मी तिला माझी जागा देणार होते, पण मधून मालगाडी गेली. फार लांब गाडी होती. संपेचना.

"अम्मा, धूप में कायको बैठे? अंदर आव, पानी पिव."

गाठोडं घेऊन गाडीची वाट बघणारी एक बाई समोर उभी होती. मी तिला तिच्याच बोलीत म्हटलं, "ठंडी लगरी." ती खळखळून हसली, माझा हात धरून मला उठवू लागली आणि हसायची थांबली.

"हाथ तो बरफ हैं तुम्हारे."

तिचेच हात तापलेले होते. तिनं ह्यांना शोधून आणलं आणि बरंच काही सुनावलं. रिक्षात हे एवढंच म्हणाले, "घाटी दवाखान्यात जाऊन येऊ का आपण?"

"कुणाला बघायला?" मी विचारलं.

त्यांनी रिक्षावाल्याला घराकडं वळायला सांगितलं.

१८ एप्रिल

प्रश्न पक्के करण्याआधी एका वर्गावर ते चालवून पाहायचे, ही आमची पद्धत. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना दिले. त्यांचा हा पेपर होऊन गेलेला असतो, म्हणून फुटायची भीती नाही. फकिरा बहुतेकींना आला. मुंजाबानं निम्म्यांना फसवलं, तेवढं हवंच.

दगडाबाईला मात्र सगळ्यांनी ब लिहिलं. एकीनंही ड नाही.

मी म्हटलं, "या बाईला काय झालंय?"

सगळ्यांच्या माना वहीत. एरवी बडबड्या मुली. शेवटी मागच्या बाकावरची पिशोरकडची मुलगी उभी राहिली. तिचं बोलणं गावाकडचंच आहे. "मॅडम, हिला थंडी वाजते. नाडी संथ हाय. आवाज बसलाय, तोंड सुजलंय. हिची थायरॉइड बघाया पाह्यजे."

"गळ्याला गाठ लिहिली आहे का मी? सूज लिहिली आहे?"

"नाय, मॅडम."

"मग?"

"गाठ नसतानाबी असतं, मॅडम. तुम्हीच शिकवलंय."

मी शिकवलं असेल. गलगंडाची एक बाई मी घाटीत शिकत असताना पाहिली होती, गळ्यात लिंबाएवढी गाठ. थायरॉइड म्हटलं की ती डोळ्यांसमोर येते. त्या मुलीला मी म्हणाले की प्रत्येक म्हातारीत रोग शोधू नये, शाल घेतली म्हणजे कुणी आजारी होत नाही. म्हणताना माझीच शाल खांद्यावरून घसरली, ती सावरली. मुली त्या शालीकडं बघत होत्या. मग माझ्याकडं. सगळ्या वर्गाचे डोळे असे की आता कुणीतरी रडेल. मी इतकी चिडले असं मला वाटलं नव्हतं. वर्ग सुटल्यावर ती मुलगी दाराशी थांबली होती. माझी पर्स घेऊन रिक्षापर्यंत आली.

कोचिंगवाल्यांनी या मुलींना बिघडवलंय. लक्षणांची यादी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो.

१९ एप्रिल

निवृत्तीचा अर्ज लिहायला बसले. 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलं आणि खोडलं, कारण प्रकृती चांगली आहे. 'वयोमानामुळे' लिहिलं. खाली सही केली, ती दुसऱ्याच कुणाचीतरी वाटली. बोटांना मुंग्या येतात, पेन नीट धरता येत नाही.

मग ओसरीत झोपले. आज कुणी आलं नाही. फक्त दगडाबाई. फाटकाशी उभी राहून आत बघत होती.

२४ एप्रिल

आज रूथ आली. रूथ शिरसाठ, माझी नर्सिंगची सोबतीण. घाटीच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. प्रश्न तपासायचं काम यंदाही तिच्याकडंच आहे. नियम असा की तपासणाऱ्यानं उत्तरं न बघता सगळे प्रश्न स्वतः सोडवायचे. लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं उत्तर जुळलं नाही, तर लिहिणाऱ्यानं आधार सांगायचा. पुस्तक असेल तर पान, रुग्ण असेल तर कोणता रुग्ण, कुठं पाहिला. हा नियम मीच केलेला, कुणी मनानं रुग्ण रचू नयेत म्हणून.

एरवी ती कागद पोस्टानं परत पाठवते. या वेळी भरदुपारी स्वतः आली. आल्या आल्या म्हणाली, "रामकिसनभाऊ, आता तरी पंखा लावा. मी उकडून मेले." पंखा हे बंद ठेवतात हे तिला कसं माहीत, कोण जाणे. मी तर कधी बोलले नव्हते.

पंखा सुरू झाला. मी शाल गळ्यापर्यंत घेतली. रूथनं कागद काढले.

"सगळे उत्तम, द्वारके. एक सोडून. ही दगडाबाई निरोगी नाही."

"तुलासुद्धा मुलींसारखंच वाटतंय?"

"मुलींना काय वाटलं?"

"ब."

"सगळ्यांना?"

"कोचिंगचा परिणाम," मी म्हणाले.

रूथनं कागद माझ्याकडं वळवला. "आधाराच्या रकान्यात तू 'प्रत्यक्ष निरीक्षण' लिहिलंस. दर वर्षी लिहितेस, मी कधी विचारलं नाही. या वेळी उत्तर जुळत नाही, म्हणून विचारावं लागतंय. ही बाई कोण?"

"असेल कुणीतरी."

"असं चालत नाही. नियम तुझाच आहे. कोणता वॉर्ड, कुठं पाहिली?"

"रूथ, ती ठणठणीत आहे. मी ओळखते तिला."

"कोण?"

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात सरबताचे पेले होते आणि ते आत येत नव्हते.

मी म्हणाले, "मी आहे."

आणि म्हणताना मला तो प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला. चेहरा भरलेला, त्वचा कोरडी, आवाज जड, शाल पांघरते. एखाद्या मुलीनं वॉर्डातून येऊन हे मला सांगितलं असतं, तर मी वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. सगळं मीच लिहिलं होतं, एकही गोष्ट सोडली नव्हती, आणि खाली लिहिलं होतं, दिलासा देऊन घरी पाठवाल.

रूथनं माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिली. मोजणं झालं तरी हात सोडला नाही.

"पन्नास," ती म्हणाली. "ऊठ."

"कागद एप्रिलअखेर द्यायचेत."

"कागद देऊ गं. तू ऊठ आधी."

ह्यांनी पेले खाली ठेवले. चपला आधीच पायात होत्या.

२६ एप्रिल

रक्त देऊन आलो. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी गुडघ्यावर, टाचेवर हातोडीनं ठोकून पाहिलं. पाय उडाला, पण खाली यायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, "काय करता आपण?" मी सांगितलं, नर्सिंगच्या मुलींना शिकवते. ते पुढं काही बोलले नाहीत, ते मला आवडलं.

दुपारी ओसरीत चौघंही आले. आज प्रश्न कुणालाच नव्हते. फकिरानं विडी काढली, माझ्याकडं बघून परत खिशात ठेवली. दगडाबाई पहिल्यांदाच वर चढून आली, पण ओसरीत खुर्ची एकच. मी उठू लागले तर म्हणाली, "बसा, बाई. मी काय, तुमच्यासंगंच हाय."

२८ एप्रिल

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. जिथं चार-पाचच्या आत असायला हवा, तिथं शंभराच्या वर आहे. थायरॉइड ग्रंथीनं काम जवळजवळ थांबवलेलं आहे. म्हणाले, असंच चाललं असतं तर एखाद्या दिवशी झोपेतून उठवता आलं नसतं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून हातात धरला.

मी एकच विचारलं. "शब्द परत येतील?"

"येतील. हळूहळू. वय पाहता गोळी लहान सुरू करतो, हृदयावर ताण नको. महिना-दीड महिन्यात फरक जाणवेल. दुपारची झोप कमी होईल."

झोपेत येणाऱ्या माणसांचं काय, हे विचारायचं होतं, पण ते कोणत्या शब्दांत विचारावं ते सुचलं नाही. रुग्ण बरा झाला की वॉर्ड सोडून जातो आणि रस्त्यात भेटला तर ओळखही देत नाही. आम्ही मुलींना सांगतो, यातच समाधान माना.

रूथनं सांडू सरांशी बोलून ठरवलं. दगडाबाई पेपरात राहील, उत्तर ब. एकही शब्द बदलायचा नाही. पण मग निरोगी माणसाची जागा रिकामी राहते आणि कागद परवा द्यायचे. म्हणून संध्याकाळी ह्यांना समोर बसवलं. यंदा बाई नाही, पुंजाराम, वय साठ, मुलीच्या आग्रहानं आलाय.

"मला प्रश्नात घालू नको म्हनलो होतो."

"सुटाल तुम्ही. तुम्हाला काही झालेलं नाही."

"व्हय, मला काय होतंय."

नाडी घेतली. नव्वदच्या पुढं. परत घेतली, तेवढीच. गोळ्या आणायला एवढ्या उन्हातून चालत गेले होते, म्हणून असेल. असा पुंजाराम चालणार नाही. उद्या, जरा विसावा घेतल्यावर, पुन्हा मोजते.

मग मी त्यांना अर्जाचं सांगितलं. ऐकून घेतलं. "फाडून टाकायचा का?" म्हणाले.

"आत्ता नको. जूनपर्यंत राहू दे तसाच."

"राहू दे," ते म्हणाले आणि सवयीनं पंख्याच्या बटनाकडं हात नेला. मी म्हटलं, चालू राहू द्या, मी शाल घेते. पाठीला वारा लागल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. तेव्हा मला दिसलं, त्यांच्या गळ्यावर, कधीपासून कोण जाणे, घामोळ्या उठलेल्या होत्या, लालभडक, आणि मी रोज समोर बसून त्या पाहिल्या नव्हत्या.

उद्या उठल्यावर रिकाम्या पोटी पहिली गोळी. परवा कागद सांडू सरांकडं. जूनच्या मध्यावर पेपर होईल, मुली दगडाबाईपाशी येतील आणि ब लिहून पुढं जातील, तिच्यावर वेळ घालवणार नाहीत. रूथच्या हिशेबानं तोवर मला थोडंसं उकडू लागलेलं असेल. इथला उन्हाळा तेव्हा संपत आलेला असतो. माझा सुरू होईल, आणि त्या दिवशी पंखा मी उठून लावीन.